पाळण्याला कोणतं तेल?

गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका तरुण इंजिनिअरने मला गाठलं. "सर, पाळणा केलाय. सागाचा. आता त्याला कोणतं तेल लावू? लाकूड लाकडासारखंच दिसायला हवं, प्लास्टिकसारखी चकाकी नको." मुसफ्फातून फळ्या आणून चार महिने शनिवार-रविवार तो खपला होता. बाळ दिवाळीच्या सुमारास येणार होतं. मी पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न परीक्षेत कधी घातला नाही.

त्याच्या आईने फोनवर खोबरेल सुचवलं होतं. आमच्या घरी आजीही दिवाळीआधी झोपाळ्याला खोबरेल चोळायची. दोन दिवस झोपाळा झळकायचा, मग त्यावर धूळ बसून काळपट चिकटा धरायचा आणि आमच्या पांढऱ्या लेंग्यांवर त्याचे नकाशे उमटायचे. दोष आजीचा नव्हता, तेलाचा होता. खोबरेल सुकतच नाही.

तेल 'सुकतं' म्हणजे ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. त्यासाठी तेलाच्या रेणूत दुहेरी बंध भरपूर लागतात. ते मोजायचं माप म्हणजे आयोडीन मूल्य. खोबरेलाचं ते 10च्या आसपास, शेंगदाणा तेलाचं 90च्या आसपास आणि जवसाच्या तेलाचं 170च्या वर. म्हणून जवस सुकतो आणि बाकीची दोन्ही तेलं ओशटच राहतात. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच्याच तेलात चित्रकार रंग कालवतात. राजा रविवर्म्याच्या नायिकांची तुकतुकी ज्या माध्यमातली, तेच हे.

दुकानात 'टीक ऑइल' लिहिलेले डबे मिळतात. ते तेल सागापासून काढलेलं नसतं. बहुतेक डब्यांत जवसाचं किंवा टंगचं तेल, थोडं वार्निश आणि बराचसा थिनर असतो. खुर्चीला लावायला हरकत नाही, पण डब्यात नेमकं काय आहे हे अनेकदा झाकणावरून कळत नाही. 'बॉइल्ड' जवसाच्या तेलाचंही तसंच. नाव उकळलेल्याचं, पण ते लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार मिसळलेले असतात. टेबलाला मी तेच लावतो. पाळण्याचा कठडा मात्र बाळ सहाव्या-सातव्या महिन्यात हमखास चावणार. तिथे माझं मत साधं शुद्ध जवसाचं तेल, खायचं असतं ते. फक्त बाटलीवर ई जीवनसत्त्व घातल्याचं लिहिलं असेल तर ती घेऊ नये, कारण ते तेलाला खराब होऊ देत नाही, म्हणजेच सुकूही देत नाही. अक्रोडाचं तेलही सुकतं, पण अ‍ॅलर्जीची शंका असताना बाळाच्या बाबतीत ते कशाला?

शुद्ध तेलाची किंमत वेळेत मोजावी लागते. सागाच्या अंगचीच तेलकट द्रव्यं बाहेरच्या तेलाला सुकायला उशीर लावतात. याच द्रव्यांमुळे साग वाळवीला आणि पाण्याला पुरून उरतो. मलबारचा साग शतकानुशतकं या किनाऱ्यावर येत होता आणि त्याचीच गलबतं बांधली जात होती. अरबीत सागाला 'साज' म्हणतात, हा शब्दही आपल्याकडून इकडे आलेला. जुने खलाशी गलबताच्या लाकडाला शार्कच्या यकृताचं तेल फासत. वासाचं काय होत असेल, देव जाणे.

तर त्या तरुणाला मी सांगितलं, आधी ओल्या फडक्याने एक कोपरा पुसून बघ. ओलं लाकूड जसं दिसतं, तेल लावल्यावर साधारण तसंच दिसेल. ताज्या रंधलेल्या सागावर हिरवट-करडे पट्टे दिसतात, त्यांना घाबरून रंग लावू नकोस. उजेडात काही आठवड्यांत ते आपोआप सोनेरी तपकिरी होतात. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घे, थिनरच्या फडक्याने वरचा तेलकटपणा पूस आणि त्याच दिवशी पहिला हात दे. तेल अगदी थोडं. वीस मिनिटांनी सगळं पुसून काढ, बोटाला लागेल इतकंही वर ठेवू नकोस. आठवड्याने दुसरा हात, आणखी आठवड्याने तिसरा. मग महिनाभर मोकळ्या हवेत. एसीच्या बंद खोलीत नको.

आता जे मी त्याला सर्वांत आधी सांगितलं ते. तेलाची फडकी. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते, चुरगळून टाकलं तर आत साठत जाते आणि फडकं आपोआप पेट घेतं, काडी लागत नाही. 1991च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत जळाली, ती जवसाच्या तेलात भिजलेल्या अशाच फडक्यांमुळे. तीन अग्निशामक जवान गेले. मी हे वर्गात दरवर्षी शिकवायचो. तरीही इथे आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात देव्हाऱ्याला तेल लावलं आणि फडकी बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या बादलीत टाकून जेवायला बसलो. हिला जळका वास आला म्हणून वाचलो. बादलीचा तळ वितळला होता. अकराव्या मजल्यावर, बाहेर 45 अंश, आणि घरात नातवंडं झोपलेली. ती बादली मी ठेवून दिली आहे, त्या तरुणालाही दाखवली. फडकी एकेक सुटी पसरून सावलीत कडक होऊ द्यायची, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवायची. बाल्कनीत शेजाऱ्याचंही घर असतं.

परवा पाळणा पाहून आलो. तिसरा हात झालाय. कठड्यावरून तळवा फिरवला, कोरडा लागला, पण नाक जवळ नेलं तर जवसाचा वास अजून आहे. तो म्हणाला, "काका, बाळ आधी आलं तर?" म्हटलं, पहिले पंधरा दिवस झोळीत झोपव, आम्ही सगळे तसेच झोपलो.