अवांतर वाचनाची बाजू

शाळेच्या भाषेत वाचनाचे दोन प्रकार आहेत; एक अभ्यासाचे आणि दुसरे अवांतर. या 'अवांतर' शब्दातच त्या वाचनाची पायरी ठरून जाते. वेळ उरला तर, परीक्षा आटोपली तर, गणिताची उजळणी झाली तर. सहामाही जवळ आली की घरोघर पहिली जप्ती येते ती गोष्टीच्या पुस्तकावर. पालकांची काळजी आम्हांस समजते व तिच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू आमच्यासारख्या सीमाभागातील शाळेच्या वार्षिकात मांडली गेली नाही, तर ती मांडण्यास अन्य जागा कोणती?

पुण्यातील मुलाला मराठी पुस्तक वाचले नाही तरी मराठी भेटतेच. ती दुकानाच्या पाटीवर असते, बसच्या फलकावर असते, कचेरीतील अर्जावर असते. बेळगावच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला मराठी भेटते ती घरात आणि वर्गात. घरातली मराठी 'जेवलास का, दप्तर भरलेस का' एवढ्यात संपते. वर्गातली मराठी संदर्भासह स्पष्टीकरणाच्या कामी लागते. या दोहोंच्या मधला जो ऐसपैस प्रदेश, जेथे भाषा हसते, भिवविते, भांडते, थापा मारते व खरे बोलते, तो केवळ स्वखुशीने वाचलेल्या पुस्तकांतच सापडतो. दहावीनंतर ज्यांची मराठी सुटते त्यांची ती बहुधा अवघड वाटते म्हणून सुटत नाही. तिच्यात आपल्या आवडीचे काही असते हे त्यांस कधी कळलेलेच नसते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, आवडीचे वाचन हे आमच्या मुलांच्या बाबतीत अवांतर नव्हे, मुख्य होय.

आता आवड म्हटली की रहस्यकथा आल्याच, आणि येथेच वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड एकेकाळी घरोघरी उशीखाली लपून असत. आज नातवाच्या हातात असले पुस्तक पाहून नाक मुरडणाऱ्या कित्येक आजोबांच्या उशीखालीसुद्धा! त्या कथांत भाषेचे सौंदर्य शोधू नये, हे खरे. तथापि पुढे काय झाले या एका प्रश्नापायी मूल शंभर पाने एका बैठकीत वाचून काढते, ही गोष्ट लहान नाही. डोळ्यांना वेगाने मराठी वाचण्याची सवय लागते ती अशाच पुस्तकांनी. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, अर्थात् फास्टर फेणे, तर याहून पुष्कळ सरस. त्याच भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथाही मराठीत आणल्या. मुलांच्या हातातून ही पुस्तके काढून घेऊ नयेत. ती वाचून झाली की मुले आपण होऊन दुसरे मागतात. त्या वेळी दुसरे जवळ असावे, एवढेच पाहावयाचे.

आमच्या घरांतून सर्वांत मानाचे स्थान मात्र ऐतिहासिक व पौराणिक कादंबरीला आहे, आणि तिच्याविषयी आम्हांस थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे. रणजित देसाई हे तर आपल्या शेजारचेच. चंदगड तालुक्यातील कोवाड हे त्यांचे गाव. त्यांची 'स्वामी' १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि थोरले माधवराव पेशवे व रमाबाई ही माणसे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही जणू नात्यातली होऊन बसली. पुढे १९८८ मध्ये विश्वास पाटलांची 'पानिपत' आली. ही पुस्तके वाचावीत, अवश्य वाचावीत. परंतु ती वाचून 'आम्ही इतिहास वाचला' असे म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. शनिवारवाड्यातील बंद दालनात पती-पत्नी काय बोलली, हे ऐकावयास कोणीही बखरकार उपस्थित नव्हता. तो संवाद लेखकाच्या प्रतिभेचा आहे व तेथेच कादंबरीचा आनंद आहे. त्यासाठी आमची सूचना अशी की, या कादंबऱ्या एकट्या वाचू नयेत, जोडीने वाचाव्यात. 'पानिपत' वाचल्यावर त्र्यं. शं. शेजवलकरांचे त्याच रणसंग्रामावरील पुस्तक उघडावे. ते सोपे नाही. नववी-दहावीच्या मुलाला त्यातील निम्मे कळले तरी पुरे. पण १४ जानेवारी १७६१ च्या त्या एका दिवसामागे धान्याची टंचाई, पैशाची ओढ आणि मित्रांची वाण किती होती हे त्याला दिसेल, आणि पराभवाचे खापर कोणा एकाच्या डोक्यावर फोडण्याची घाई तो करणार नाही.

अशीच दुसरी जोडी महाभारताची. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचे 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके १९६७ सालचीच. एकात कर्ण सूर्यासारखा तळपतो. त्याच्यावरील अन्यायाने वाचकाचे डोळे भरून येतात. दुसऱ्यात एक मानववंशशास्त्रज्ञ विदुषी त्याच माणसाकडे कोरड्या नजरेने पाहते आणि त्याच्या हातून मोक्याच्या वेळी काय काय निसटले, ते सांगते. पंधरा वर्षांच्या मुलीने ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत व मग घरात वाद घालावा. कोणाचे खरे, हा निकाल आम्ही देणार नाही. आम्हांस व्यक्तिशः 'युगान्त' अधिक टिकाऊ वाटते, परंतु आमच्या वर्गात मत घेतले तर कर्णाचाच जय होईल हेही आम्ही जाणून आहो!

आणि पाहिलेला इतिहास वाचावयाचा असेल तर विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ला तोड नाही. कुलाब्याकडील वरसई गावचा हा गरीब भिक्षुक बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो झाशीतच होता. त्याची हकिगत चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली छापली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये सिद्ध केली. शूरपणाचा आव नाही, भीती वाटली तर वाटली असे लिहिले आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडील आमच्या मराठी बांधवांच्या वाडवडिलांचे जग यात जसे दिसते, तसे क्वचितच इतरत्र दिसेल.

परंतु विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, एकच पुस्तक सुचवा असा आग्रह कोणी धरला, तर आम्ही इतिहास बाजूला ठेवू आणि प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' पुढे करू. संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव. बालपण बेळगावी आजोळी गेले, पुढे कऱ्हाडला भूशास्त्राचे अध्यापन केले. १९९४ साली 'वनवास' निघाले. त्यामागून 'शारदा संगीत', 'पंखा' व 'झुंबर'. चारही पुस्तकांचा नायक एकच, लंपन नावाचा शाळकरी मुलगा. तो आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या आयुष्यात घडते काय? शाळा, वाटेवरची झाडे, मित्रांची भांडणे, सुमी, आणि मधूनच दाटून येणारी घरची आठवण. एवढेच. पण ती भाषा! कानडी हेल आणि कानडी शब्द जिच्यात दुधात साखरेसारखे उतरले आहेत अशी आपली बेळगावी बोली या माणसाने जशीच्या तशी छापली, आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. आमची मुले पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर बोलताना संकोचतात. आपले मराठी 'शुद्ध' नाही असे त्यांना वाटते. त्यांनी लंपन वाचावा. ज्या बोलीची लाज वाटते तिच्यातच मराठीतील एक अतिशय हळुवार पुस्तक लिहिले गेले आहे, हे शिक्षकांनी शंभरदा सांगून पटत नाही, ते दहा पानांत पटते.

हाच सूर पु. ल. देशपांड्यांच्या 'गणगोत'मधील 'रावसाहेब' या लेखात निराळ्या तऱ्हेने ऐकू येतो. पुलं बेळगावच्या महाविद्यालयात काही काळ अध्यापक होते. त्या दिवसांत लाभलेला हा स्नेही त्यांनी अजरामर केला. रावसाहेबांच्या तोंडी शिव्या आहेत, म्हणून काही घरांत तो लेख मुलांपुढे वाचत नाहीत. आम्ही म्हणतो, वाचावा. शिवीमागचा जिव्हाळा ओळखता येणे हेही शिक्षणच आहे. आणि निपाणीचे महादेव मोरे? पिठाची गिरणी चालविता चालविता त्यांनी मोटारवाले, तंबाखूच्या वखारीतील बाया, रस्त्यावरची माणसे कथा-कादंबऱ्यांत आणली. २०२४ साली ते निवर्तले. आपल्याच जिल्ह्यातील हा लेखक आपल्या किती घरांत आहे, हे ज्याने त्याने कपाट उघडून पाहावे.

विज्ञानाकडे ओढ असलेल्यांसाठी जयंत नारळीकर आहेतच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपली कथा टोपणनावाने पाठविली, नावाच्या भाराने परीक्षक दबू नयेत म्हणून; आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. २०२५ मध्ये ते गेले. त्यांचे आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व' आमच्या मुलांनी आणखी एका कारणासाठी वाचावे. त्यांचे बालपण गेले बनारसला, शिक्षण हिंदी माध्यमात; तरी घरातली मराठी इतकी सकस राहिली की पुढे तिच्यातच त्यांनी कृष्णविवरे समजावून सांगितली.

आत्मचरित्रांत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आईने मुलीसह वाचावीत. लग्नानंतर अक्षरे गिरविलेल्या बाईने इतके निर्मळ गद्य लिहावे, याचे नवल शेवटच्या पानापर्यंत ओसरत नाही. नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' वडिलांनी मुलांसह वाचावे. त्यात बापाच्या आठवणी बापाच्याच बोलीत आहेत. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) थोडे मोठे झाल्यावर, परंतु टाळू नये. आपल्या गावकुसाबाहेर काय होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला आपले गाव तरी कोठे ठाऊक आहे?

एका आक्षेपाचे उत्तर देणे अगत्याचे आहे. मराठी वाचा असे आम्ही म्हटले की, कोणास ते कानडीविरुद्ध वाटते. तसे मुळीच नाही. एस. एल. भैरप्पांचे 'पर्व' व 'वंशवृक्ष', शिवराम कारंतांच्या कादंबऱ्या मराठीत आल्या त्या उमा कुलकर्णींमुळे, आणि उमाताई जन्माने बेळगावच्या. कानडी पुस्तक त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी वाचून ध्वनिमुद्रित करीत व उमाताई ते ऐकून मराठीत उतरवीत. एका घरात दोन भाषा अशा नांदल्या आणि दोन्हीकडचे वाचक श्रीमंत झाले. आमची मुले तर कानडी शाळेतच शिकतात. त्यांनी मूळ पुस्तक व अनुवाद शेजारी ठेवून वाचण्याची उमेद का धरू नये?

पालकांना आमची विनंती थोडकी आहे. पुस्तक संपल्यावर मुलास 'काय शिकलास?' असे विचारू नये. फार तर 'कोण आवडले?' असे विचारावे, आणि शक्य तर तेच पुस्तक आपणही वाचावे; वडील वाचत नाहीत त्या घरात मुलांनी वाचावे ही अपेक्षा आम्हांस न्याय्य वाटत नाही. गणपत गल्लीतील सार्वजनिक वाचनालय शतकाहून जुने आहे. तेथे मुलास एकदा बोट धरून न्यावे, मग सोडून द्यावे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात 'वनवास'ची प्रत एकच आहे आणि तिची शिवण उसवली आहे. ज्यांच्या माळ्यावर ट्रंकांत पुस्तके पडून असतील, त्यांनी ती वाळवी लागण्यापूर्वी शाळेकडे पोचती करावीत. रहस्यकथाही चालतील.