शोले चालेल, जीटी नको!

मित्रांनो, गॅदरिंग जवळ आलं की वाद ठरलेला. मुलं स्किट बसवतात 'शोले'वर, आणि सर म्हणतात, "पुन्हा कॉपी? काहीतरी ओरिजिनल करा!" माझ्या मते या वादाचं उत्तर मालेगावच्या नासिर शेख यांनी कधीच देऊन ठेवलंय.

नासिरभाई यंत्रमागांच्या गावातले व्हिडिओ पार्लरवाले. सिनेमाचं शिक्षण म्हणाल तर पार्लरमध्ये पाहिलेले पिक्चर! २००० साली त्यांनी साधारण ५०,००० रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. गब्बरचा झाला रबरसिंग, बसंतीची बासमती. घोडे परवडणार कसे? डाकू आले सायकलवर! पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. हिरो शफीक शेख, यंत्रमागावर राबणारा किडकिडीत तरुण. शूटिंगला ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी, आणि हिरो उडवायला हिरवा पडदा. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात ही सगळी खटपट दिसते. २०२५ मध्ये तर रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरात लागला.

आता आपल्याकडे या. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक अंबरनाथ-बदलापूरला शेंबड्या पोरालाही पाठ. पण डुप्लिकेट माल आणि स्पूफ यात फरक आहे राव! डुप्लिकेट माल आपण डुप्लिकेट आहोत हे लपवतो. स्पूफ मूळ पिक्चरचं नाव पोस्टरवरच छापतो, आणि आत आपलं गाव भरतो.

खरी कॉपी बघायचीय? सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर चक्कर मारा. खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर शीट... जीटी जोरात! फायनल इयरला तर प्रोजेक्टही रेडीमेड. सही मिळते, पण डोक्यात शून्य. नासिरभाईंनी गोष्ट उसनी घेतली, पण ती पडद्यावर आणायचा प्रत्येक जुगाड स्वतःच्या हातानं केला. म्हणून ते शिकले. आपण जीटी मारून काय शिकतो?

तेव्हा सर, 'शोले' होऊ द्या. अट एकच घाला : रामगढ नको, बदलापूर हवं. गब्बरनं लोकलमध्ये चौथी सीट अडवावी. वीरूनं टाकीवर चढावं, आणि टाकीत पाणीच नसावं! सेट वर्कशॉपमध्ये मुलांनीच ठोकावा.

आणि मित्रांनो, आपली बाजू आपणही पाळू. ती काच तेवढी खिडकीला परत बसवू या. बघा पटतंय का!