गोवंश हत्याबंदीचा खर्च कोणाच्या माथी? शहापूर-मुरबाडच्या गोठ्यातला हिशेब

आसनगाव : भाताची लावणी उरकली की बैलाचं काम संपतं, खाणं मात्र वर्षभर चालू राहतं. बैल म्हातारा झाला, पाय धरले, की शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो. याचं आता करायचं काय?

राज्यात गायीच्या कत्तलीवर बंदी 1976 च्या कायद्याने आली. तेव्हा शेतीला किंवा पैदाशीला निकामी ठरलेला बैल दाखला घेऊन कत्तलीसाठी विकता येत असे. 4 मार्च 2015 पासून बैल आणि वळूही बंदीखाली आले. कत्तल केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हैस आणि रेडा या बंदीत येत नाहीत.

बंदी बरोबर की चूक, हा वाद जुना आहे. पण बंदी पाळायला जो खर्च येतो तो कोण देतो, यावर गावात फार बोललं जात नाही.

पहिला खर्च गोठ्यातला

पूर्वी म्हाताऱ्या बैलाचे जे चार पैसे यायचे, ते नव्या बैलाच्या किमतीत घालता यायचे. तो आधार गेला. 2024 मध्ये सरकारने नोंदणीकृत गोशाळांना देशी गायीमागे रोज 50 रुपये अनुदान जाहीर केलं. म्हणजे वर्षाला 18,250 रुपये. एक जनावर नुसतं सांभाळायला काय लागतं, याचा हा सरकारचाच अंदाज समजा. पण हे अनुदान गोशाळेतल्या देशी गायींसाठी आहे. शेतकऱ्याच्या दारातल्या थकलेल्या बैलाला त्यातला एक रुपया मिळत नाही. पेंढा त्यालाच आणायचा, डॉक्टरही त्यालाच बोलवायचा.

मग लोक काय करतात? ज्याला जमतं तो पावर टिलर घेतो, नाहीतर ट्रॅक्टर भाड्याने लावतो. 2019 च्या पशुगणनेत राज्यात देशी गायींची संख्या 46 लाख 13 हजारांवर आली, 2012 पेक्षा 20.69 टक्क्यांनी कमी. यात यंत्रांचा वाटा मोठा आहे, सगळा दोष कायद्याला देता येणार नाही. पण शेवटी विकता न येणारं जनावर पाळायला कोण धजावणार, हाही प्रश्न आहेच.

दुसरा खर्च रस्त्यावरचा

मुंबई-नाशिक महामार्ग आसनगाववरून जातो. गुरांची गाडी पकडली की काम सुरू होतं : पंचनामा, जनावरांची तपासणी, त्यांना गोशाळेत पोचवणं, मग कोर्टाच्या तारखा. मांस सापडलं तर ते बैलाचं की म्हशीचं हे नुसतं बघून ठरत नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. खटला चालेपर्यंत जनावरं गोशाळेत राहतात. त्यांचा खर्च कोर्टाच्या आदेशाने आरोपीकडून घ्यायचा असं कायदा सांगतो. पण तो हातात पडेपर्यंत चारा गोशाळेलाच विकत घ्यावा लागतो.

गाडी थांबवून झडती घेण्याचा अधिकार कायद्याने उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलिसाला, नाहीतर सरकारने नेमलेल्या माणसाला दिला आहे. गावातल्या कुठल्याही टोळक्याला नाही. तरी जून 2023 मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यात विहीगावजवळ गुरांचा टेम्पो अडवला गेला आणि त्यातल्या एका तरुणाचा मृतदेह पुढे इगतपुरीच्या घाटात सापडला. या प्रकरणात अटकाही झाल्या. कायदा राबवायचं काम जमावाने हातात घेतलं की खर्च पैशात मोजता येत नाही.

या भीतीचा फटका सरळ व्यवहारालाही बसतो. म्हशाच्या जत्रेतून कामाची बैलजोडी घरी आणणाऱ्यालाही धाकधूक असते. व्यापारी कमी आले की भाव पडतो.

अमेरिकेत काय झालं

अमेरिकेत घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाले. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने 2011 मध्ये तपासलं, तर 2010 या एका वर्षात सुमारे 1 लाख 38 हजार घोडे कत्तलीसाठी कॅनडा आणि मेक्सिकोला गेले होते. म्हणजे जवळपास पूर्वीइतकेच, फक्त प्रवास लांबला. हलक्या घोड्यांचे भाव पडले, आणि सोडून दिलेल्या घोड्यांचा बोजा स्थानिक यंत्रणांवर आला.

मग मार्ग काय?

बंदी ठेवायची तर तिचा खर्च सरकारने उघडपणे मांडायला हवा. गोशाळेला रोज 50 रुपये देता येतात, तर म्हातारा बैल दारात सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला का नाही? तालुक्यातल्या गोशाळांत किती जागा आहे, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला काय हरकत आहे?

तोपर्यंत शेतकऱ्याने आपली बाजू सांभाळावी. 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. बिल्ला मारून घ्या, बाजाराची पावती जपून ठेवा, गाडीत गुरं दाटीवाटीने भरू नका. कोणी गाडी अडवलीच तर वाद न घालता 112 वर फोन करा. कागद तपासायचं काम पोलिसांचं आहे, ते त्यांनाच करू द्या.