उपग्रह आकाशात, पण कळ कोणाच्या हातात?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसण्याच्या सुमारे तासभर आधी युक्रेन आणि युरोपातील हजारो उपग्रह-मोडेम एकाएकी निकामी झाले. ते सगळे 'व्हायासॅट' या अमेरिकी कंपनीच्या 'के-ए सॅट' उपग्रहाला जोडलेले होते. युक्रेनचे सैन्यही या सेवेचे ग्राहक होते. जर्मनीतील ५,८०० पवनचक्क्यांचा त्यांच्या नियंत्रण कक्षाशी असलेला संपर्क त्याच वेळी तुटला.

उपग्रहाला मात्र काहीही झाले नव्हते. हल्लेखोर कंपनीच्या जमिनीवरील नियंत्रण यंत्रणेत शिरले आणि तिथूनच मोडेमची स्मृती पुसून टाकणारे आदेश सोडले. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाने पुढे मे महिन्यात या हल्ल्याचा ठपका रशियावर ठेवला.

दोनच दिवसांनी युक्रेनचे मंत्री मिखाइलो फेदोरोव्ह यांनी इलॉन मस्क यांना समाजमाध्यमावरून जाहीर विनंती केली आणि काही तासांत 'स्टारलिंक' सेवा सुरू झाली. तेव्हापासून खासगी उपग्रहसेवा हा युद्धातला जोड मार्ग न राहता मुख्य मार्ग बनला.

अंतराचा हिशेब

सरकारे स्वतःचे उपग्रह का वापरत नाहीत? वापरतात, पण ते बहुतेक भूस्थिर कक्षेत, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून एकच उपग्रह पृथ्वीचा जवळपास एक तृतीयांश भाग पाहू शकतो, हा त्यांचा मोठा फायदा. तोटा असा, की संदेशाला वर जाऊन खाली यायलाच सुमारे पाव सेकंद लागतो आणि उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद उलटतो. दूरदर्शनच्या प्रक्षेपणाला याने फरक पडत नाही. उडता ड्रोन दुरून चालवणाऱ्याला मात्र तो उशीर परवडत नाही.

स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा विलंब कितीतरी कमी होतो. पण इतक्या जवळचा उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. सेवा अखंड हवी तर एकामागून एक उपग्रह डोक्यावर येत राहिले पाहिजेत, म्हणजे ते हजारोंच्या संख्येने हवेत. आज स्टारलिंकचे आठ हजारांहून अधिक उपग्रह कक्षेत आहेत. स्वतःच्याच रॉकेटने दर आठवड्याला उपग्रह सोडणाऱ्या कंपनीला हे जमले. बहुतेक सरकारांच्या ते आवाक्याबाहेर आहे.

याच रचनेत नियंत्रणाची कळही दडलेली आहे. हे उपग्रह जमिनीवरील छोट्या छोट्या पट्ट्यांकडे स्वतंत्र किरणशलाका रोखतात. प्रत्येक टर्मिनलची ओळख आणि जागा कंपनीला ठाऊक असते. त्यामुळे कोणत्या पट्ट्यात, कोणत्या टर्मिनलला सेवा द्यायची हे सॉफ्टवेअरमधून ठरवता येते, आणि ठरवणारी असते कंपनी.

२०२२ मध्ये युक्रेनला सागरी ड्रोनने क्रिमियातील रशियन नौदलावर हल्ला करायचा होता. त्या भागात स्टारलिंक सुरू नव्हते. ते सुरू करण्याची विनंती आपण नाकारली, असे मस्क यांनीच पुढच्या वर्षी सांगितले. तो निर्णय बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण तो कुठल्याही संसदेने वा सेनापतीने घेतला नव्हता.

हेतू नसतानाही सेवा थांबू शकते. २४ जुलै २०२५ रोजी अंतर्गत सॉफ्टवेअरमधील बिघाडामुळे स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद पडले. युक्रेनच्या संपूर्ण आघाडीवर संपर्क तुटल्याचे तिथल्या ड्रोन दलाच्या प्रमुखांनी सांगितले. युरोपीय संघाने सुमारे २९० उपग्रहांचे स्वतःचे 'आयरिस-स्क्वेअर' जाळे उभारण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये केला, त्यामागे अशा परावलंबनाचीच चिंता आहे.

आपल्याकडे काय?

भारताने सैन्यासाठी स्वतःच्या उपग्रहांचा रस्ता धरला. २०१३ मध्ये नौदलासाठी जीसॅट-७, २०१८ मध्ये हवाई दलासाठी जीसॅट-७ए आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून नौदलासाठी ४,४१० किलो वजनाचा सीएमएस-०३ गेला. हे सारे भूस्थिर कक्षेतील आहेत. पृथ्वीजवळच्या कक्षेत हजारो उपग्रहांचे आपले जाळे नाही.

नागरी प्रशासनाचा रस्ता मात्र वेगळा आहे. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला केंद्राचा परवाना मिळाला. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने या कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीमसारख्या जिल्ह्यांतील सरकारी संस्था आणि दुर्गम गावे उपग्रहाने जोडायची, असा त्याचा हेतू आहे.

गरज खरी आहे. जिथे डोंगर आणि जंगलामुळे केबल पोहोचत नाही, पावसाळ्यात रस्ते तुटतात, तिथल्या आरोग्य केंद्राला तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलता आले तर जीव वाचू शकतो. त्यामुळे ही सेवा नाकारणे शहाणपणाचे ठरणार नाही. ती कोणत्या अटींवर घ्यायची, हा खरा प्रश्न आहे.

केंद्राने परवानाधारक उपग्रह कंपन्यांवर सुरक्षेच्या अटी घातल्या आहेत. गरज पडल्यास ठरावीक भागातील सेवा बंद करता आली पाहिजे, ही त्यातली एक. म्हणजे बंद करण्याची कळ सरकारने मागून घेतली आहे. आणीबाणीत सेवा चालूच राहील, याची हमी कोण देणार? करारात ती लिहिलेली असावी. सेवा थांबली तर किती वेळात पूर्ववत होईल आणि जबाबदार कोण, हेही असावे. टर्मिनल आणि मोडेम यांच्या सुरक्षेची तपासणी कोण करणार, हे 'के-ए सॅट'च्या अनुभवानंतर विचारायलाच हवे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसरा मार्ग. प्राथमिक आरोग्य केंद्र असो वा जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, तिथे बिनतारी संच, दुसऱ्या कंपनीची सेवा किंवा 'इस्रो'च्या उपग्रहाची जोडणी तयार असली पाहिजे. युक्रेनने एक सेवा कोसळल्यावर दोन दिवसांत दुसरी मिळवली, कारण दुसरी उपलब्ध होती. पूर आलेल्या रात्री आपल्या एखाद्या तालुक्याला दोन दिवस थांबता येणार नाही.