पाय टेकतील असा समुद्र

गेले तीन आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच विषय चालू आहे. मॉरिशसला जायचं हे ठरलंय. जुलैत जायचं हेही ठरलंय (दादाच्या मुलांच्या न्यू जर्सीतल्या शाळांना सुट्टी तेव्हाच, त्यामुळे त्यावर चर्चा नव्हतीच). विमानाची तिकिटंसुद्धा निघालीत. घोडं अडलंय ते रिसॉर्टवर. दादा त्याच्या रात्री लिंका टाकतो, त्या आम्ही आमच्या सकाळी चहाबरोबर उघडतो. प्रत्येक फोटोत तोच निळा पूल, त्याच पांढऱ्या आरामखुर्च्या आणि ती एक पाठमोरी बाई, मोठ्ठी टोपी घातलेली. मला तर वाटायला लागलंय की ही एकच बाई जगातल्या सगळ्या रिसॉर्टांत फिरत असते आणि हाच तिचा व्यवसाय आहे.

ग्रुपवर चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की कोणी वाचत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. दादा हे वाचेलच. वहिनी आधी वाचेल आणि त्याला सांगेल, म्हणजे एकूण एकच.

तर, आम्ही आठ जण. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं (एक तेरा, एक सहा), मी, नवरा, आमची लेक आणि आई. बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच कुठे निघतेय. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा नंबर लावून बसलाय. माहेर गुहागरचं, घरापासून समुद्र दहा मिनिटांवर, पण पोहायला कधी शिकली नाही. त्या काळी मुलींनी पुळणीवर जायचं ते संध्याकाळी आणि परकर घोट्याच्या वर न भिजवता परत यायचं. या सगळ्या तीन आठवड्यांच्या चर्चेत आईने एकच प्रश्न विचारला. ग्रुपवर तिला मराठी टाइप करायला वेळ लागतो, म्हणून आवाजी निरोप पाठवला: "तिथे पाण्यात पाय टेकतील ना रे?"

त्यावर दादाने हसरे चेहरे टाकले आणि खाली अजून एक लिंक.

माझं म्हणणं असं आहे की तीन आठवड्यांत विचारला गेलेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर कुठल्याच लिंकेत नव्हतं.

मॉरिशस हे बेट तसं लहान. साधारण ६५ किलोमीटर लांब, ४५ रुंद. त्यामुळे आपल्याला वाटतं की कुठेही राहिलं तरी एकच. इथेच फसायला होतं. बेट दक्षिण गोलार्धात आहे, म्हणजे आपला जुलै हा त्यांचा हिवाळा. थंडी म्हणावी अशी नसते, किनाऱ्यावर दिवसा वीस-पंचवीस अंश असतं, छान असतं. पण त्याच महिन्यांत आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि ते थेट पूर्व किनाऱ्यावर येऊन आदळतात. मधे उंच पठार आहे, ते वारा आणि पाऊस बराचसा अडवतं. त्यामुळे पश्चिम आणि वायव्येचा किनारा त्याच दिवशी, त्याच वेळी शांत आणि कोरडा असतो. आपल्याकडे घाटमाथ्यावर धो धो आणि पलीकडे फलटणला ऊन, तसाच काहीसा प्रकार. नोव्हेंबर-डिसेंबरात हाच पूर्व किनारा स्वर्ग असतो, तेव्हा वाऱ्याची झुळूक हवीच असते. म्हणजे पूर्व किनारा वाईट नाही हो. जुलैत आणि आईला घेऊन, तेव्हा वाईट.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघं अशाच एका जुलैत पूर्व किनाऱ्यावर गेलो होतो. पॅकेज देणाऱ्या माणसाने खोलीतून समुद्र दिसेल, नाश्ता फुकट, विमानतळावर हार घालतील हे सगळं सांगितलं. वाऱ्याबद्दल अवाक्षर नाही. वाळू अप्रतिम, पिठासारखी पांढरी. आणि ती सगळी वाळू अखंड आमच्या डोळ्यांत, कानांत आणि फुकटच्या नाश्त्यात. पूल इतका गार की नवरा एकदा उतरला तो परत त्याच्या वाटेला गेला नाही. पाच दिवस काचेआडून समुद्र बघितला. आम्ही तिशीतले होतो, हसून घेतलं. आईला अशा खोलीत पाच दिवस बसवलं तर ती काही बोलणार नाही. "छान आहे हो" म्हणेल आणि विणकाम काढेल. तेच मला नकोय.

म्हणून माझा हट्ट, आधी किनारा ठरवा, रिसॉर्ट मागाहून. वाऱ्याचं झालं की पाण्याकडे बघायचं. मॉरिशसभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि आत उथळ, संथ पाणी राहतं. पण दक्षिणेला, सुईयाकजवळ ग्री-ग्रीला, ही भिंत नाही. तिथे समुद्र सरळ कड्यावर येऊन फुटतो. बघायला भव्य, पाय बुडवायला नाही. नैऋत्येच्या टोकाला ल मॉर्नचा डोंगर आहे, ५५६ मीटर उंच, जागतिक वारशात आहे, जरूर बघावा. पण तिथला वारा पतंगाला बांधून पाण्यावर उडणाऱ्या मंडळींना आवडणारा. जिथे त्यांची गर्दी दिसेल तिथे आईला नेऊ नये असा माझा साधा नियम :) आग्नेयेला ब्लू बेचं पाणी सुंदर, विमानतळही जवळ. त्याच बाजूला जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे जहाज प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. गावकऱ्यांनी उसाची पाचटं कापडात भरून तेल अडवायला लांबच लांब उश्या शिवल्या होत्या, ते फोटो मी विसरलेले नाही.

पाय टेकणार की नाही हे रिसॉर्टच्या फोटोत कधी दिसत नाही, पण उपग्रहाच्या नकाशात दिसतं. फिकट निळा पट्टा म्हणजे खाली वाळू. काळपट डाग म्हणजे प्रवाळ नाहीतर समुद्रगवत. लांबवर पांढरी रेघ दिसते ती लाटा फुटण्याची जागा. मी दादाच्या चौदा लिंकांपैकी प्रत्येक जागा अशी वरून बघितली (नवरा म्हणाला, इतका अभ्यास बारावीला केला असतास तर...). असो. आणि लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना मी फक्त जून ते ऑगस्टमधले वाचते. डिसेंबरात जाऊन आलेल्या माणसाच्या पाच चांदण्यांचा आम्हाला काय उपयोग?

यातून निघालं ते वायव्येचं टोक. त्रू-ओ-बिश, मों श्वाझी, तो भाग. वारा पाठीमागे राहतो, तळाशी वाळू, पाणी बरंच आत जाईपर्यंत कमरेच्या खाली. पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकही चाललं असतं, उलट किनारा जास्त लांब आहे, पण पाण्यात शिरताना काही ठिकाणी प्रवाळाचे तुकडे टोचतात. शिवाय वायव्येहून पाम्प्लमूसची बाग जवळ. तिथली ती परातीएवढी कमळाची पानं आईने बघायलाच हवीत, तिला बागेत सोडलं की दोन तास चिंता नाही. दादाच्या पोरांना बोटी आणि उड्या मारायला ग्रां बे शेजारीच. फक्त विमानतळापासून हे टोक लांब, तासाभराहून जास्त. तेवढं सोसू.

आता खुद्द रिसॉर्ट. दादाला हवंय ते पंचतारांकित, 'सगळं समाविष्ट' वालं. त्यात गंमत अशी की 'सगळं'मधला मोठा वाटा दारूचा असतो. आमच्यात आई, तीन मुलं आणि मी घेत नाही, वहिनी वर्षातून दोनदा. म्हणजे आठ जणांच्या वाटचं नवरा आणि दादा यांनी पाच दिवसांत संपवायचं. त्यांची तयारी आहे, तो मुद्दा वेगळा.

पण पैशाचं सोडा. मोठं रिसॉर्ट म्हणजे एकरच्या एकर. खोलीपासून जेवणघरापर्यंत चालत सात-आठ मिनिटं, मग बॅटरीवरची गाडी बोलवायची आणि थांबायचं. आई दिवसातून तीनदा कोणाला गाडी मागणार नाही, हे मी तुम्हाला लिहून देते. ती नाश्त्यालाच "मला भूक नाही" म्हणेल. मी चार हॉटेलांना पत्र लिहून विचारलं: तळमजल्यावर खोली मिळेल का, जेवायला किती पायऱ्या, आणि न्हाणीघरात टब आहे की नुसता शॉवर. त्या टबाच्या उंच काठावरून ऑपरेशन झालेला गुडघा पलीकडे टाकणं काय असतं हे घरात ज्यांचं असं ऑपरेशन झालंय त्यांना विचारा. दोघांनी सविस्तर उत्तर दिलं, एकाने स्पा-चं माहितीपत्रक पाठवलं, एकाचं अजून यायचंय.

मधेच वहिनीने मालदीवचं पिल्लू सोडलं होतं. पाण्यावरची खोली, जिन्याने थेट समुद्रात. तिथे बहुतेक रिसॉर्टं म्हणजे एक अख्खं बेट, कुंपण नाही पण बाहेर जायला जागाही नाही. नव्या लग्नाच्या जोडप्यांना ते लखलाभ. आईला रोज संध्याकाळी पिशवी घेऊन कुठेतरी जाऊन यायला लागतं. काही घ्यायचं नसतं, पण भाव विचारायचा असतो.

मॉरिशसची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. तिथले किनारे सगळ्यांचे आहेत, हॉटेलासमोरची वाळूसुद्धा कायद्याने हॉटेलची नाही. आमच्या त्या वाऱ्याच्या सहलीत शेवटचा दिवस रविवार होता. टॅक्सीवाल्याला आमची दया आली आणि तो आम्हाला पलीकडच्या बाजूला घेऊन गेला. पाणी ताटात ओतल्यासारखं. किनाऱ्यावर सुरूची झाडं (तिथे फिलाओ म्हणतात), अगदी गुहागरसारखी, आणि प्रत्येक झाडाखाली एक अख्खं कुटुंब. पातेली, चटया, पाळण्यातलं बाळ, साडी नेसून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या आज्या. आम्ही गाडीवरची ढॉल पुरी खाल्ली. पुरणपोळीची गूळ न घातलेली बहीणच ती, आत वाटलेली डाळ, सोबत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी आणि झणझणीत चटणी. दोन-दोनच्या जोडीने देतात. आमचं मराठी ऐकून शेजारच्या चटईवरच्या बाई वळल्या. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडचे, उसाच्या मळ्यांवर आलेले. १८३४ पासून आपल्याकडून असे मजूर नेले, पोर्ट लुईसचा तो धक्का, आप्रवासी घाट, अजून आहे. बाईंना मराठी बोलता येत नव्हतं, चार-पाच शब्द इकडे-तिकडे. पण गणपतीची आरती पूर्ण पाठ. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते. त्यांनी मला खाऊ घातलं आणि आईची चौकशी केली. मी म्हणाले, पुढच्या वेळी आणते. बाबा तेव्हा होते. पुढची वेळ यायला अकरा वर्षं लागली.

दादाला सगळ्यात भारी का हवंय ते मला कळतं. तो पोचला तेव्हा बाबांचं सगळं उरकलं होतं. विमान चुकलं त्याचं, चूक कोणाचीच नाही, पण तेव्हापासून तो आईला काही ना काही पाठवत असतो. मसाज खुर्ची पाठवली, तिच्यावर धुतलेले कपडे असतात. दादा, आईला तुझ्याकडून काहीही येणं नाही रे. तिला तू हवायस, सकाळी सहा वाजता, पाण्यात तिचा हात धरायला. हे पंचतारांकित हॉटेलातही होईल म्हणशील, बरोबर आहे. पण तिथे तू सकाळी सहाला उठणार नाहीस, कारण आदल्या रात्रीचं 'सगळं समाविष्ट' असेल.

मी जे सुचवतेय ते तीन तारांचं, वीस-बावीस खोल्यांचं आहे. तळमजला मिळतोय, शॉवर आहे, टब नाही. स्वैपाकाचा ओटा आहे, म्हणजे आईचा सकाळचा चहा तिच्या हातचा. रस्ता ओलांडला की सार्वजनिक किनारा. रस्ता ओलांडायचा म्हणजे समुद्रावर थेट दार नाही, हा दोष आहे, मान्य. पूल चिमुकला आहे आणि तुझा तेरा वर्षांचा मुलगा तोंड वाकडं करणार, तेही मान्य. पैसे जे वाचतील त्यात एक दिवस बोट, एक दिवस गंगा तलाव आणि तिथला तो १०८ फुटी महादेव. तिथे वर गारवा असतो, आईची शाल मी घेते.

गुरुवारपर्यंत खोल्या धरून ठेवतो म्हणालेत.

बाकी आईने तिच्यापुरता प्रश्न सोडवलाय. प्रवाळ टोचतं, कधी काटेरी समुद्री प्राणी असतात, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट लागतात असं मी सहज बोलले होते. काल तुळशीबागेतून घासाघीस करून घेऊन आली, जांभळे. आज सकाळपासून ते घालून घरभर फिरतेय. सवय व्हायला हवी म्हणे.