पलंगाखालचं पातेलं

या वेळी आमच्या घरातल्या एका भिंतीची गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या खोलीत एसीखालची भिंत फुगली. रंगाचे पोपडे आणि त्यावर काळे ठिपके. पाहुणे यायचे होते, आरतीला अख्खी सोसायटी येणार. रंगाऱ्याला बोलावलं. त्यानं वरवर खरवडून रंगाचे दोन हात मारले. भिंत नवी, आम्ही खूश!

नवरात्रात ठिपके परत आले. कपाट सरकवून पाहिलं, तर मागे परातीएवढा हिरवा-काळा डाग आणि कोंदट वास. बाबांना पावसाळ्यापासून खोकला होता. ‘हवा बदललीय’, ‘वय झालं’ म्हणत आम्ही काढे देत होतो. डॉक्टरांना भिंतीचा फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले, “औषध देतो, पण बुरशीशेजारी झोपून खोकला कसा थांबेल? आधी त्यांची खोली बदला.”

बाबांचं अंथरूण हॉलमध्ये हलवताना पलंगाखाली एक पातेलं सापडलं. रात्री एसी गळायचा. बाबा ते खाली लावायचे आणि पहाटे आम्ही उठायच्या आत मोरीत ओतून यायचे.

“तुम्ही दोघं दमून येता. एवढ्याशा पाण्यासाठी कशाला सांगायचं, सूनबाई?”

चार महिने! मला काय बोलावं तेच कळेना.

मेकॅनिक आला. “बेन, पाइप चोक छे,” तो म्हणाला. एसी हवेतला दमटपणा ओढून त्याचं पाणी करतो. ते आतल्या ट्रेमध्ये जमून पाइपानं बाहेर जायला हवं. आमच्या पाइपात धूळ आणि शेवाळ साचलं होतं, शिवाय उतार नीट नसल्यामुळे मध्ये पोट आलं होतं. निम्मं पाणी पातेल्यात आणि निम्मं भिंतीत! भिंत ओली राहिली तर २४ ते ४८ तासांतही बुरशी धरू शकते. आम्ही तिच्यावर रंगाचं पांघरूण घातलं होतं.

मग काम योग्य क्रमानं केलं. आधी गळती बंद केली: पाइप बदलला, ट्रे आणि कॉइल धुऊन घेतली. मग एन-९५ मास्क, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि दार बंद करून भिंत थोडी ओलसर केली आणि खराब प्लास्टर काढलं. कोरडं खरवडलं की बुरशीची धूळ घरभर उडते. कपाटाची भिजलेली प्लायची पाठ फेकली, बाकीचं साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडं केलं. भिंत ऑक्टोबरच्या उन्हात, पंखा लावून पूर्ण वाळू दिली. त्यानंतरच पुट्टी आणि रंग.

डाग दहा चौरस फुटांहून मोठा असेल तर स्वतः हात घालू नका, जाणकाराला बोलवा. आणि ब्लीच वापरलंत तर त्यात ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका. विषारी वायू होतो.

आता आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र खोलीत ठेवलंय. आकडा ६०च्या वर गेला की एसी ड्राय मोडवर. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतो, कपाट भिंतीपासून चार बोटं दूर.

बाबा महिनाभर हॉलमध्ये झोपले. खोकला हळूहळू कमी झाला, मग ते आपल्या खोलीत परतले. यंदाच्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःहून एक काम घेतलंय. एसी लावल्यावर थोड्या वेळानं ते गॅलरीत जाऊन बाहेरच्या पाइपाकडे बघतात. दमट हवेत तिथून थेंब पडायलाच हवेत. नाही पडले तर पाणी आत कुठेतरी मुरत असू शकतं.

“सूनबाई, पडतोय गं थेंब!” अशी हाक येते, तेव्हा बरं वाटतं. पातेलं मी स्वयंपाकघरात परत नेलंय.

तुमच्याही घरातले मोठे काही सांगत नसतील. एकदा त्यांच्या पलंगाखाली वाकून बघा.