औषध-फंडाला माझा विरोध का?

गेल्या महिन्यात जमातीच्या बैठकीत प्रस्ताव आला : गरीब रुग्णांना औषधं बाहेरून विकत घ्यावी लागतात, तर जकातीतून कायमचा औषध-फंड काढू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. विरोध मी एकट्याने केला. मला 'गरिबांचा दुश्मन' ठरवून मंडळी चहाला उठली. म्हणून इथे लिहितोय.

माझी आई सत्तरीची, रक्तदाबाची. एका सरकारी रुग्णालयात तिची तपासणी मोफत झाली, पण औषधाच्या खिडकीवर दोनपैकी एक गोळी 'संपली'. कधी येईल? 'वरून आली की.' खिडकीतल्या माणसावर माझा राग नाही. तोच गोळ्या देतो, तोच साठा लिहितो, तोच मागणीपत्रं भरतो. 'ही जेवणानंतर, ती रात्री' हे तो रांगेतल्या किती म्हाताऱ्यांना समजावणार?

आता हे 'वर' बघा. 2017 मध्ये राज्याने औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली. तक्रारी थांबल्या नाहीत, म्हणून 2023 मध्ये वेगळ्या खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. दीड महिन्यातच नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू, त्यांत 12 नवजात बाळं. सरकारने औषधटंचाई नाकारली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

हे जमतच नाही असं कुणी सांगू नये. तमिळनाडूने 1994 मध्ये औषधांसाठी महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक. पासबुकात जेवढी रक्कम, तेवढी लागतील ती औषधं गोदामातून उचलायची. वाटपाआधी नमुन्यांची तपासणीही होते.

आणि आमच्या शाळेत? पोषण आहाराचा तांदूळ किती शिजला, किती उरला, याचा रोजचा हिशोब आम्हा मास्तरांना द्यावा लागतो. मुलाच्या भाताचा हिशोब रोज, आणि आईच्या गोळीचा 'वरून आली की'!

'सर, आजच्या रुग्णाचं काय?' असं एका तरुणाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. आजच्या रुग्णाला खिशातून द्या, मीही देतो. पण कायमचा फंड झाला की खिडकीवरून लोक थेट आपल्याकडे पाठवले जातील, आणि 'संपली' हा शब्द कुठल्याच कागदावर उमटणार नाही. जकात गरिबाचा हक्क आहे. ती सरकारचं रिकामं कपाट भरायला वापरायची?

माझा प्रस्ताव साधा होता. एक वही ठेवू. कोणाला, कोणत्या तारखेला, कोणतं औषध मिळालं नाही ते लिहू. दर महिन्याला तिची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना देऊ. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा : साठा नोंदवहीची प्रत द्या, मागणीपत्र कधी पाठवलं ते सांगा.

वही मी आणली आहे. पहिली नोंद आईच्या गोळीची. येत्या जुम्याला नमाजनंतर मशिदीबाहेर बसतो. ज्यांच्या घरी अशी चिठ्ठी असेल त्यांनी, कोणत्याही धर्माचे असोत, घेऊन यावी.